ज्याचे त्याचे स्थान : पेशी आपली प्रथिने जागच्या जागी कशी ठेवते

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रयोगशाळा विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वार्षिक सभेत जमाखर्चाचे, रुग्णसंख्येचे आणि शस्त्रक्रियांचे आकडे आपल्यापुढे येतात आणि ते यायलाच हवेत. त्यानंतरचा काही वेळ एखाद्या वैद्यकीय विषयाला द्यावा, अशी विश्वस्तांची सूचना होती. तिचा मान राखून आम्ही यंदा असा विषय निवडला आहे, की ज्याचा बाह्यरुग्ण विभागात सहसा उच्चारही होत नाही. मात्र तेथे येणाऱ्या अनेकांच्या दुखण्याचा धागा त्याच्याशी जुळलेला असतो. पेशीने तयार केलेले प्रथिन ठरलेल्या जागी कसे पोहोचते, तेथे कसे टिकते आणि त्याची जागा चुकली तर काय होते, हा तो विषय होय.

रुग्णाचे नातेवाईक आम्हांला पुष्कळदा विचारतात, "डॉक्टर, शरीरात तो घटक तयार होतो म्हणता, मग तो काम का करत नाही?" हा प्रश्न साधा वाटला तरी फार मोलाचा आहे. त्याचे एक उत्तर असे की, प्रथिन तयार होणे पुरेसे नसते. ते आपल्या स्थानी असावे लागते. अस्थानी असलेले प्रथिन असून नसल्यासारखेच.

प्रथम पेशीची ओळख करून घेऊ. आपल्या शरीरातील सर्वसाधारण पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असते. एवढ्याशा जागेत एखाद्या जुन्या वाड्याप्रमाणे निरनिराळी दालने असतात. ओटी, माजघर, कोठीघर, देवघर यांची कामे जशी वेगळी, तशीच या दालनांचीही. केंद्रकात आनुवंशिक माहिती जपलेली असते. आंतर्द्रव्यजालिकेत अनेक प्रथिने घडवली जातात. १८९८ साली कामिल्लो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने वर्णन केलेल्या गॉल्जी पिंडात त्यांच्यावर अखेरचे संस्कार होतात व त्यांची वर्गवारी होते. लयकारिकांमध्ये टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लागते. साऱ्या पेशीला वेढणारे बाहेरचे आवरण म्हणजे प्रद्रव्यपटल. या दालनांच्या भिंती स्निग्ध पदार्थांच्या पातळ पटलांच्या असतात. एका मिलिमीटरचे दोन लाख समान भाग केले, तर त्यातील एका भागाएवढी त्यांची जाडी भरेल.

नुसत्या भिंतींनी घर चालत नाही. दारे, खिडक्या व राखणदारही लागतात. पेशीत ही कामे पटलांत रुतून बसलेली प्रथिने करतात. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांपैकी अंदाजे पाव जनुके अशा पटल-प्रथिनांसाठी आहेत. साखर आत घेणारी दारे, क्षार बाहेर सोडणारे मार्ग, संप्रेरकांचा निरोप ऐकणारे ग्राहक, ही सर्व याच वर्गातली. आज वापरात असलेल्या औषधांपैकी फार मोठा भाग याच प्रथिनांवर काम करतो. म्हणून कोणते पटल-प्रथिन कोणत्या भिंतीत बसले आहे, याला जीवनमरणाइतके महत्त्व आहे. लयकारिकेचे दार पेशीच्या बाहेरच्या भिंतीत बसून उपयोग नाही आणि बाहेरचे दार माजघरात अडकूनही चालत नाही.

ही व्यवस्था कशी चालते, हे समजण्यास एक परिचित उदाहरण घेऊ. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात टपालासाठी पिन कोड सुरू झाला. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संचार मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते आणि न लागणारी अक्षरे, या सर्वांवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. त्याच सुमारास, १९७१ साली, न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल व डेव्हिड सबातिनी यांनी पेशीविषयी असाच विचार मांडला होता. प्रथिनाच्या साखळीतच त्याचा पत्ता लिहिलेला असावा, असे त्यांचे अनुमान होते. पुढील काही वर्षांत ब्लोबेल यांनी ते प्रयोगांनी सिद्ध केले आणि १९९९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या साखळीतील एक छोटासा तुकडा सांगतो, "मला आंतर्द्रव्यजालिकेकडे न्या." पटल-प्रथिन तेथेच भिंतीत ओवले जाते आणि त्याचा पुढील प्रवास तेथून सुरू होतो.

हा प्रवास इवल्या पिशव्यांतून होतो. एका दालनाच्या भिंतीचा फुगवटा तुटून पिशवी बनते, दुसऱ्या दालनाच्या भिंतीला जाऊन मिळते आणि आतला माल तेथे पोहोचतो. जॉर्ज पॅलाडे यांनी हा मार्ग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उलगडला. त्याबद्दल त्यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसह १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे रँडी शेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये असे दोष शोधले, की ज्यांमुळे वाहतूक ठप्प होऊन पिशव्या साचून राहतात. १९८० पर्यंत त्यांनी अशी २३ जनुके ओळखली होती. जेम्स रॉथमन यांनी हीच वाहतूक परीक्षानळीत घडवून तिचे घटक एकेक करून वेगळे केले. या दोघांना टॉमस स्यूडोफ यांच्यासह २०१३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

येथे एक कोडे उभे राहते. आंतर्द्रव्यजालिकेतून पिशव्या अखंड बाहेर निघत असतात. मग तेथेच राहून काम करणारी प्रथिने या ओघात वाहून कशी जात नाहीत? पंढरीच्या वारीच्या वाटेवर दुकान मांडून बसलेल्या माणसाने गर्दीत ओढले न जाता आपल्या जागी टिकावे, तसाच हा प्रकार.

याचे उत्तर केंब्रिज येथील शॉन मन्रो व ह्यू पेलम यांच्या १९८७ मधील प्रयोगांतून मिळू लागले. आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत राहणाऱ्या काही प्रथिनांच्या शेपटाला त्यांना चार अमिनो आम्लांची एकच ओळ आढळली. ती छाटली की ते प्रथिन पेशीबाहेर टाकले जाई. उलट, कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे एरवी पेशीबाहेर जाणारे प्रथिन. त्याच्या टोकाला ती ओळ जोडली की ते आत राही. याहून उद्बोधक गोष्ट पुढे उघड झाली. ती ओळ प्रथिनाला खुंटीला बांधून ठेवत नाही. प्रथिने पुढच्या दालनापर्यंत वाहत जातात. तेथे एक ग्राहक प्रथिन ती ओळ ओळखते व त्यांना परतीच्या पिशवीत घालून माघारी आणते. गॉल्जी पिंडातील वातावरण किंचित आम्लधर्मी असते. तेथे हा ग्राहक आपली पकड घट्ट करतो. आंतर्द्रव्यजालिकेत आम्लता कमी, म्हणून तेथे पकड सुटते आणि ग्राहक पुन्हा फेरीला निघतो.

पटल-प्रथिनांचीही अशीच खूण १९८९ साली सापडली. त्यांच्या शेपटाच्या टोकाजवळ लायसिन या अमिनो आम्लाच्या दोन विशिष्ट जागा असतात आणि परतीच्या पिशव्यांचे आवरण त्याच धरते. ही खूण जेथे प्रथम आढळली ते प्रथिन आपल्या पेशीचे नव्हते. ते सर्दी-पडसे आणणाऱ्या एका विषाणूचे होते. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवतात. ते तपासून रोगप्रतिकारक पेशी आजारी पेशी हेरतात. ॲडेनोव्हायरस हा विषाणू आंतर्द्रव्यजालिकेत राहणारे एक प्रथिन बनवतो आणि ते नमुने मांडणाऱ्या प्रथिनालाच आत अडकवून ठेवते. दारावरचा राखणदार आतच कोंडला गेला की चोराला मोकळे रान मिळते. जागा राखण्याचे पेशीचे नियम विषाणूंनीही किती बारकाईने आत्मसात केले आहेत, हे यावरून दिसते.

जागा राखण्याचा आणखी एक मार्ग आहे. गॉल्जी पिंडाचे पटल बाहेरच्या आवरणापेक्षा पातळ असते आणि तेथील बऱ्याच प्रथिनांचा पटलात रुतणारा भागही आखूड असतो. जाड भिंतीत आखूड चौकट नीट बसत नाही. म्हणून ती पातळ भिंतीतच राहते, अशी उपपत्ती १९९३ मध्ये मांडली गेली. तात्पर्य, कोठे खुणेची चिठ्ठी, कोठे भिंतीची जाडी आणि सर्वत्र जाण्याइतकेच महत्त्व परत आणण्याला. पेशीतील सुव्यवस्था ही अविरत फेऱ्यांनी राखलेली सुव्यवस्था आहे.

आता या सर्वांचा आपल्या रुग्णांशी संबंध पाहू.

पहिले उदाहरण मधुमेहाच्या गोळ्यांचे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड ही नावे येथे बसलेल्या अनेकांच्या घरी परिचित असतील. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींच्या बाहेरच्या भिंतीत पोटॅशियमचा एक मार्ग असतो. तो बंद झाला की इन्शुलिन स्रवते आणि या गोळ्या तो बंद करतात. हा मार्ग दोन प्रकारच्या प्रथिनांचे प्रत्येकी चार, असे आठ भाग जुळून तयार होतो. प्रत्येक भागावर तीन अमिनो आम्लांची "मला आतच ठेवा" अशी खूण असते. आठही भाग नीट जुळले की सर्व खुणा झाकल्या जातात आणि मगच तो मार्ग बाहेर निघतो. अर्धवट जुळणी बाहेर जाऊ नये, यासाठी केवढी ही दक्षता! मात्र काही बालकांच्या जनुकातील दोषामुळे हा मार्ग आंतर्द्रव्यजालिकेतच अडकतो. मग बंद करण्यासारखा मार्गच भिंतीत नसल्याने इन्शुलिन अनिर्बंध स्रवते आणि नवजात अर्भकाची रक्तशर्करा धोकादायक रीतीने खालावते. वेळेवर निदान न झाल्यास मेंदूला इजा होते. म्हणूनच तान्ह्या बाळाची सुस्ती, आचके किंवा दूध न ओढणे यांकडे दुर्लक्ष करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

दुसरे उदाहरण सिस्टिक फायब्रोसिसचे. या रोगाचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यातून १४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते आणि ते फुप्फुस, स्वादुपिंड, घामाच्या ग्रंथी अशा ठिकाणी पेशीच्या पटलात बसून क्लोराइड क्षाराला वाट देते. या रोगात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे ५०८ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल गळलेले असणे. १४८० मण्यांच्या माळेतला एक मणी! त्यामुळे प्रथिनाची घडी किंचित बिघडते. आंतर्द्रव्यजालिकेतील तपासनीस ते अडवतात आणि पेशी त्याचा नाश करते. १९९० मध्ये हे लक्षात आले. १९९२ मध्ये तर असे दिसले की, प्रयोगशाळेत पेशी तीस अंशांखालील तापमानात वाढवल्या तर हेच प्रथिन काही प्रमाणात पृष्ठभागावर पोहोचते आणि तेथे बरेचसे कामही करते. म्हणजे ते सर्वस्वी निकामी नव्हते. अडवले गेले होते.

या एका निरीक्षणाने उपचारांची दिशा बदलली. घडी सावरून प्रथिनाला त्याच्या स्थानी पोहोचवणारी औषधे शोधली जाऊ लागली. अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित गोळीला. तिच्यातील दोन औषधे प्रथिनाला पटलापर्यंत नेतात आणि तिसरे तेथील मार्ग खुला ठेवते. श्वास घेण्यासाठी झगडणाऱ्या अनेक रुग्णांना तिने नवे आयुष्य दिले. परंतु त्या वेळी तिची अमेरिकेतील वार्षिक किंमत तीन लाख डॉलरहून अधिक होती. ही किंमत सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. विज्ञानाने प्रथिनाला त्याचे स्थान मिळवून दिले. औषधाला रुग्णाच्या हाती पोहोचवण्याचे काम समाजाकडे उरले आहे.

आपल्या देशात त्याआधीचा प्रश्न निदानाचा आहे. हा गोऱ्या लोकांचा रोग, असा समज दीर्घकाळ होता. भारतात ५०८ व्या स्थानाचा दोष युरोपच्या मानाने कमी आढळतो, इतर दोषांचा वाटा मोठा आहे आणि नवजात बालकांची सरसकट चाचणी आपल्याकडे होत नाही. त्यामुळे वारंवार होणारा न्यूमोनिया क्षय किंवा दमा समजला जातो आणि तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच व न वाढणारे वजन कुपोषणाच्या खात्यावर जाते. वास्तविक याची प्राथमिक चाचणी सुईविना होते. त्वचेवर सौम्य विद्युतप्रवाहाने औषध देऊन थोडा घाम जमवायचा आणि त्यातील क्लोराइड मोजायचे. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक क्लोराइड आढळल्यास या रोगाचा दाट संशय घेतला जातो. या चाचणीचे मूळही एका उन्हाळ्यात आहे. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा या रोगाची मुले विशेष गळून गेल्याचे पॉल दी सांत'अन्येझे या बालरोगतज्ज्ञांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी दाखवून दिले, की त्या मुलांच्या घामातून मीठ फार जाते. बाळाचा पापा घेताना त्वचा खारट लागते, असे एखादी आई सांगते, तेव्हा ते बोल हसण्यावारी नेऊ नयेत. तिच्या जिभेने प्रयोगशाळेच्या आधी नोंद घेतलेली असू शकते.

तिसरे उदाहरण सर्वांच्याच घरचे आहे. स्नायू व मेद यांच्या पेशींत साखर आत घेणारे ग्लूट-४ नावाचे दार असते. एरवी या दारांपैकी बहुतेक सर्व पेशीच्या आतच, पिशव्यांत राखून ठेवलेली असतात. येथे आत राहणे हाच निरोगीपणा. जेवणानंतर इन्शुलिनचा निरोप आला की काही मिनिटांत त्या पिशव्या पृष्ठभागाला मिळतात, दारे भिंतीत बसतात आणि रक्तातील साखर आत येते. निरोप ओसरला की दारे पुन्हा आत ओढली जातात. या येजाचा पहिला पुरावा १९८० साली अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही दारे पेशीत असतात; परंतु इन्शुलिनची हाक त्यांच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचते.

येथे एक आशादायक गोष्ट सांगावीशी वाटते. स्नायू आकुंचन पावला की हीच दारे इन्शुलिनच्या निरोपाविना, निराळ्या मार्गाने पृष्ठभागावर येतात. मधुमेही व्यक्तींमध्येही हा दुसरा मार्ग चालू असतो, असे १९९९ मध्ये दाखवले गेले आहे. आमच्या आहार-व्यायाम सल्लागार रोज चालण्याचा आग्रह धरतात, तो केवळ उपदेश नव्हे. चालणारा माणूस आपल्या स्नायूंतील आत थांबलेली दारे स्वतः भिंतीत आणून बसवत असतो. मात्र औषधे घेणाऱ्यांनी व्यायामात मोठा बदल करताना डॉक्टरांना अवश्य विचारावे. कारण साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचीही शक्यता असते.

विवेचनाचा समारोप करताना रुग्णांच्या आप्तजनांना दोन गोष्टी विनयपूर्वक सांगू इच्छितो. आनुवंशिक दोष असलेल्या बालकाच्या मातेला, "तुझ्या खाण्यापिण्यात काहीतरी चुकले असेल," असे बोल अजूनही ऐकावे लागतात. एका अमिनो आम्लाच्या गळतीत कोणाच्या वागण्याचा, आहाराचा किंवा ग्रहांचा दोष नसतो. सिस्टिक फायब्रोसिससारख्या रोगात तर सदोष जनुकाची एकेक प्रत माता आणि पिता या दोघांकडून आलेली असते आणि ते दोघेही पूर्णतः निरोगी असतात. दुसरी गोष्ट, ज्या घरात असे एक बालक आहे त्यांनी पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा. हा सल्ला भीती घालण्यासाठी नसतो. निर्णय जाणतेपणी घेता यावा यासाठी असतो.

देणगीदारांच्या चरणी इतकेच निवेदन, की आपल्या दानातील काही वाटा खाटा व इमारतीप्रमाणे डोळ्यांना दिसत नाही. तो घामाच्या एका थेंबाच्या तपासणीत, नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात किंवा सल्लागाराने एखाद्या कुटुंबाला दिलेल्या तासाभरात खर्च होतो. रुग्णालयात योग्य रुग्ण योग्य वेळी योग्य दालनात पोहोचावा, यासाठी परिचारिका, सेवक आणि तंत्रज्ञ दिवसभर फेऱ्या घालत असतात. पेशीप्रमाणेच येथील सुव्यवस्थाही या फेऱ्यांवर उभी आहे आणि त्या चालू राहतात त्या आपल्या आधारावर.